संगीताची मासिके आणि त्यांची पाने : रागदारीपासून रॉकपर्यंत मांडणीचे संकेत

गवसणी

नमस्कार. गेल्या महिन्यात घराच्या माळ्यावरून मासिकांचे दोन गठ्ठे खाली आले. एक वडिलांचा. त्यात हाथरसहून निघणारे 'संगीत' आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' यांचे जुने अंक होते. त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत आणि काही पानांवर वडिलांनी पेन्सिलीने मात्रा मोजून ठेवल्या आहेत. दुसरा गठ्ठा धाकट्या भावाचा, पुण्यातल्या वसतिगृहाच्या दिवसांतला. त्यात 'रॉक स्ट्रीट जर्नल', 'रोलिंग स्टोन'च्या भारतीय आवृत्तीचे काही अंक आणि रद्दीच्या दुकानातून उचललेली दोन-तीन विलायती मासिके निघाली. धूळ झटकून दोन्ही गठ्ठे एकाच चादरीवर पसरले, तेव्हा विषय दोन्हीकडे संगीताचाच असूनही या पानांचे एकमेकांशी काही नाते असेल असे वाटेना. एकीकडे चौकटीत बसवलेली अक्षरे, मुखपृष्ठावर बुजुर्ग गवयाचे छायाचित्र आणि आत चित्र जवळपास नाहीच. दुसरीकडे पानभर चेहरा, त्याच्या कपाळावर चढलेला मथळा आणि मजकूर कुठे सुरू होतो ते शोधावे लागेल अशी परिस्थिती.

माझा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. आमच्या छोट्या संगीत मंडळाचा वार्षिक अंक यंदा निघतो आहे. अंक ४८ पानांचा, म्हणजे १६ पानी ३ फर्म्यांचा आहे आणि मांडणीचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. अंकात ५ बंदिशींची स्वरलिपी, एका ज्येष्ठ तबलावादकांची मुलाखत, ध्वनिमुद्रणांची परीक्षणे आणि तरुण सभासदांच्या आग्रहामुळे सोलापुरात बॅण्ड चालवणाऱ्या मुलांवरचा एक लेख आहे. या चारही गोष्टी एकाच साच्यात ओताव्यात, की ज्या त्या संगीताच्या मासिकांनी जे संकेत रूढ केले आहेत त्यांप्रमाणे पाने वेगळी करावीत?

दोन आठवडे हे गठ्ठे उलटसुलट केल्यावर मला एक गोष्ट दिसली, ती चर्चेसाठी मांडतो. मासिक उघडलेले असताना वाचकाचे हात कुठे असतात, यावर पानाची मांडणी ठरते. 'संगीत'च्या वाचकाचे हात पेटीवर किंवा तानपुऱ्यावर असतात आणि मासिक समोर जमिनीवर असते. रॉकच्या मासिकाचा वाचक ते हातात धरून गादीवर लोळत असतो. परीक्षणांचे मासिक चाळणाऱ्याचे एक बोट पानावर असते आणि दुसरा हात तबकडीच्या कपाटाकडे गेलेला असतो. आपल्याला हे पटते का?

जुना जुळारी

मी साखर पेठेतल्या एका छापखान्यात १९ वर्षे खिळे जुळवले. संगीताची पुस्तकेही थोडी जुळवली, त्यामुळे स्वरलिपीपुरते अधिकाराने बोलतो.

भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीचे पान हे इतर कोणत्याही मराठी पानासारखे नसते. तिथे एका ओळीत तीन ओळी असतात. वर स्वर, त्याखाली गीताचे अक्षर, त्याखाली तालाची खूण. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली बिंदू म्हणजे मंद्र सप्तक आणि वर बिंदू म्हणजे तार सप्तक. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्याखाली कंस येतो, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) असेल तर वर कमान येते. कानडा अंगाच्या एखाद्या बंदिशीत कोमल गंधारावर मींड आली आणि शेजारी मंद्रातला कोमल निषाद आला, की त्या एवढ्याशा जागेत रेघ, बिंदू आणि कमान अशी तिन्ही चिन्हे बसवावी लागत. चिमट्याने बसवलेला बिंदू खिळ्यांच्या चौकटीचे कुलूप आवळताना सरकला, तर पुढच्या साधकाने मंद्राऐवजी मध्य सप्तकात गायचे. गाण्याचे मास्तर गल्लीतच राहत असत, ते प्रूफ तपासायला स्वतः येत आणि पान वाचण्याऐवजी पुटपुटत गात. मुद्रितशोधनाची ती पद्धत मी अन्यत्र कुठे पाहिली नाही.

आता मांडणीचे मर्म सांगतो. त्रितालाच्या १६ मात्रा ४-४च्या चार खान्यांत बसतात आणि पूर्ण आवर्तन एका ओळीत मावलेच पाहिजे. ते दुमडून दुसऱ्या ओळीत गेले, तर गाणाऱ्याची नजर समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) ऐन वेळी डावीकडे परत येण्यात खर्च होते. म्हणून स्वरलिपीच्या पानाला दोन कॉलम चालत नाहीत. मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशींचा मुखडा नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून (तालाच्या टाळी नसलेल्या भागापासून) उठतो. तेव्हा ओळीची सुरुवातही समेपासून न करता खालीपासूनच करायची आणि खाने ०, ३, ×, २ अशा क्रमाने मांडायचे (० म्हणजे खाली, × म्हणजे सम). नवीन जुळारी सम पहिली म्हणून × डावीकडे नेऊन बसवत असे आणि सगळी बंदिश अर्धे आवर्तन सरकत असे. त्या पानावरचा कॉलम तालाने पाडलेला असतो, मांडणी करणाऱ्याला तो फक्त सांभाळायचा असतो.

तेव्हा गवसणी, तुमचे हातांचे म्हणणे मला मान्य आहे. स्वरलिपीच्या पानांत दुसऱ्या कुणाचे संकेत मिसळू नका.

सहा तारा

जुळारीकाकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी दुसऱ्या गठ्ठ्याचा वाचक, त्यामुळे त्या बाजूने थोडे लिहितो, कारण रॉकची मासिके म्हणजे आरडाओरडा असा सूर पहिल्या लेखनात लागलेला दिसतो.

'रोलिंग स्टोन' १९६७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत निघाले, तेव्हा ते मासिक कमी आणि घडी घातलेले वर्तमानपत्र जास्त होते. कागद न्यूजप्रिंटचा, पहिल्या अंकावर जॉन लेननचे छायाचित्र. नावाची वळणदार अक्षरे रिक ग्रिफिन या पोस्टर-चित्रकाराची, म्हणजे त्या काळाच्या रंगात भिजलेली होती. पण आतल्या पानांभोवती एक जाड आणि एक बारीक अशा जोडरेघांची चौकट असे. ही चौकट जुन्या गंभीर छपाईची होती. ज्या संगीताला वडीलधारी माणसे गोंगाट म्हणत होती, त्याच्यावरचा मजकूर जाणीवपूर्वक प्रतिष्ठित कपड्यांत सादर केला जात होता. आपल्याकडे लग्नपत्रिकेला जी चौकट असते तिचे काम आणि या जोडरेघेचे काम फार वेगळे नाही: आतला मजकूर मानाचा आहे एवढे ती सांगते. नेहमीपेक्षा मोठा असलेला त्या मासिकाचा आकार २००८ पर्यंत टिकला.

आरडाओरडा आला तो निराळ्या घरातून. १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी यांनी 'स्निफिन ग्लू' काढले. टंकलेखन यंत्रावर बडवलेला मजकूर, जाड पेनने हाताने लिहिलेले मथळे, खोडलेली अक्षरे तशीच ठेवलेली आणि झेरॉक्स. गिटारीवर तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आले की बॅण्ड काढा, असे म्हणणाऱ्या संगीताचे मासिकही टंकयंत्र आले की काढता येत होते. १९८१ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून 'केरँग!' निघाले. गिटारीच्या तारांवर जोरात हात मारल्यावर जो आवाज होतो तोच त्याच्या नावात आहे आणि नावाची अक्षरे तडा गेल्यासारखी काढलेली आहेत. हेवी मेटलच्या पानावर तिरके मथळे, एकमेकांवर चढलेली छायाचित्रे आणि मधोमध भिंतीवर लावायचे चित्र असते. हे चित्र नेमके मधल्या जोडपानावरच का असते, हे भावाच्या गठ्ठ्यात तपासून पाहा. पिना उचकटल्या की ते अखंड निघते. म्हणजे इथेही हातांचाच हिशेब आहे, फक्त हे हात भिंतीकडे जातात.

मात्र तुमच्या सिद्धान्ताला एक मोठा अपवाद आहे. 'रे गन' हे मासिक १९९२ मध्ये निघाले आणि डेव्हिड कार्सन त्याचे कलादिग्दर्शक होते. गायक ब्रायन फेरी यांची एक मुलाखत त्यांना इतकी कंटाळवाणी वाटली, की १९९४ मध्ये ती त्यांनी झाफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या टंकात, म्हणजे चांदण्या, बाण आणि चौकोनांत छापून टाकली. वाचता येईल असा मजकूर त्याच अंकाच्या शेवटी दिला होता. इथे वाचकाचे हात कुठे होते, ते सांगा.

नक्षीगार

'डोक्यावर' असे उत्तर सुचते, पण ते असो.

मी छापखान्यातला नाही. आमच्या घरात तीन पिढ्या जेकार्डच्या मागांसाठी चादरींच्या नक्षी काढल्या गेल्या, म्हणून चौकटींविषयी बोलू शकतो. नक्षी आधी चौकोनांच्या कागदावर काढतात. एक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. चौकोन रंगवला तर उभा धागा वर उचलला जाणार, कोरा ठेवला तर खाली राहणार. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक पट्टी पुढे सरकते. मोराची मान कितीही वळणदार असली तरी ती शेवटी पायऱ्यापायऱ्यांनीच विणली जाते. काठ, पोट आणि पुन्हा काठ. नक्षीचा एक तुकडा किती धाग्यांनी फिरून येतो हे आधी ठरते आणि मग फुले सुचतात.

मासिकाच्या पानाखालीही असाच न दिसणारा चौकोनी कागद असतो, आणि संगीतप्रकारांतला फरक त्या कागदाशी प्रत्येकाने कसे वागायचे ठरवले यात आहे, असे मला वाटते. स्वरलिपीत तो कागद उघडा पडतो, कारण ताल स्वतःच चौकोन आखून देतो. जुन्या 'रोलिंग स्टोन'मध्ये तो इस्त्रीच्या कपड्यासारखा आहे. 'रे गन'ने तो फाडला, पण फाडलेला दिसण्यासाठी आधी कागद असावा लागतो. झाफ डिंगबॅट्समधली ती मुलाखत, माझ्या समजुतीप्रमाणे, व्यवस्थित कॉलमांतच होती, आणि विनोद त्यामुळेच साधला. सगळेच अस्ताव्यस्त असते तर ती छपाईची चूक वाटली असती.

हिप-हॉपचा उल्लेख अजून कुणी केला नाही. 'द सोर्स' १९८८ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी एका पत्रकाच्या रूपात सुरू केले. त्यात परीक्षणांना ताऱ्यांऐवजी मायक्रोफोनची चित्रे असत आणि पाच माइक मिळणे हा त्या वर्तुळात मोठा मान समजला जाई. गुणांचे चिन्ह त्या संगीताच्या हत्यारातून घेतले, हे मला फार आवडले. संगीत-निर्माते क्विन्सी जोन्स यांनी १९९३ मध्ये काढलेले 'व्हाइब' मात्र फॅशनच्या मासिकासारखे गुळगुळीत, मोठ्या छायाचित्रांचे आणि मोकळ्या समासाचे होते. ज्या कलाकारांना इतर ठिकाणी लहान चौकटीत कोंबले जात असे, त्यांना इथे पूर्ण पान मिळाले. मोकळी जागा हाही मान देण्याचा एक प्रकार आहे. आपल्या स्मरणिकांत मान देण्याचा अर्थ नावामागे विशेषणे वाढवणे असा घेतला जातो, त्यामुळे जागा कधी उरतच नाही.

तिथीवार

परीक्षणांच्या मांडणीबद्दल लिहितो, कारण गवसणी यांच्या अंकातला तोच भाग सर्वांत दुर्लक्षित राहील असे मला वाटते.

कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये 'ग्रामोफोन' सुरू केले. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे हे मासिक आजही निघते. त्यातल्या प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर एक छोटा ठोकळा असतो. त्यात आधी संगीतकाराचे नाव, मग रचना, मग वादक, वाद्यवृंद आणि संचालक, मग कंपनी व तबकडीचा क्रमांक. त्यानंतर मजकूर. परीक्षणे वाद्यवृंद, कक्षसंगीत, एकल वाद्य, गायन आणि ऑपेरा अशा विभागांत लावलेली असतात. हे पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. वाचक हवी ती नोंद शोधतो आणि तेवढी वाचून मासिक बाजूला ठेवतो.

सोलापूरकरांना अशा पानाची ओळख करून द्यावी लागू नये. दाते पंचांग आपल्याच गावचे आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशा उभ्या रकान्यांत एकेक दोन-दोन अक्षरांचे संक्षेप बसवून कितीतरी दिवसांचा काळ एका पानावर मांडायचा आणि तरीही आजीला हवा तो मुहूर्त चष्मा लावून अर्ध्या मिनिटात सापडायचा, ही मांडणीतली फार मोठी सिद्धी आहे. 'ग्रामोफोन'चा ठोकळा आणि पंचांगाची ओळ यांचे कूळ एकच आहे.

जॅझच्या मासिकांनी हाच ठोकळा उलटा केला. शिकागोत १९३४ मध्ये निघालेल्या 'डाउनबीट'मध्ये परीक्षणाच्या शेवटी बारीक अक्षरांत तबकडीवरच्या रचना आणि वादकांची नावे प्रत्येकाच्या वाद्यासह येतात. कारण उघड आहे. अभिजात संगीतात रचना आधी असते आणि ती कोणी वाजवली हा पुढचा प्रश्न असतो. जॅझमध्ये रचना निमित्तमात्र असते आणि त्या रात्री सॅक्सोफोनवर कोण होते, ड्रमवर कोण होते, याला महत्त्व असते.

आता आपला प्रश्न. हिंदुस्थानी संगीताच्या परीक्षणात डोक्यावर पहिले नाव कुणाचे असावे? संगीतकार असा बहुधा नसतोच. मी गायक, राग, बंदिशीचे पहिले शब्द, ताल आणि लय, मग साथीदार असा क्रम सुचवीन. साथीदारांची नावे गाळू नयेत, अशी विशेष विनंती आहे. तबल्यावर आणि पेटीवर कोण होते हे न छापणाऱ्या परीक्षणाला जॅझच्या वाचकाने अपुरेच म्हटले असते.

पूर्वभागकर

माझे घर अशोक चौकाच्या पलीकडचे, मातृभाषा तेलुगू, शिक्षण मराठीत. आजोबांकडे कर्नाटक संगीताची तेलुगू लिपीतली पुस्तके होती. ती शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आले, की तिथे जुळारीकाकांची तीन ओळींची जाळी इतकी ताणलेली नसते. कर्नाटक पद्धतीत स्वर लांबवायचा असेल तर पुढे स्वल्पविराम येतो, दुप्पट लांबवायचा असेल तर अर्धविराम येतो आणि तालाचे भाग उभ्या दंडांनी तोडतात. त्यामुळे स्वर गद्यासारखे सलग वाहू शकतात. कोणता गंधार, कोणता निषाद हे रागाच्या आरोह-अवरोहावरून आधीच कळलेले असल्याने प्रत्येक अक्षराखाली रेघ मारत बसावे लागत नाही. शिवाय तेलुगू अक्षरे गोल आहेत, त्यांना शिरोरेषा नाही, म्हणून वरचा बिंदू मोकळ्या आकाशात उठून दिसतो.

चेन्नईहून १९८३ पासून निघणारे 'श्रुती' हे इंग्रजी मासिक मी अधूनमधून पाहिले आहे. त्यात लेख, छायाचित्रे आणि चरित्रे यांना प्राधान्य असते. हे गाणे शिकायचे नव्हे तर गाण्याविषयी वाचायचे मासिक आहे आणि ते पाहताक्षणी कळते. एकाच संगीताची दोन मासिके दोन वेगळ्या मांडण्यांची असू शकतात, म्हणून संगीतप्रकारापेक्षा वापर महत्त्वाचा, हे गवसणी यांचे म्हणणे मला जास्त खरे वाटते.

सहा तारा

वापरावरून आठवले. विलायतेत १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'स्मॅश हिट्स'चे मुख्य आकर्षण गाण्यांचे छापील शब्द हे होते, चकचकीत रंगीत पानावर कलाकाराच्या छायाचित्राशेजारी. आपल्याकडे चित्रपटगृहाबाहेर मिळणारी गाण्यांची चोपडी हेच काम स्वस्त कागदावर करत होती. पॉपच्या वाचकाला तोंडाने गुणगुणायचे असते, त्याला स्वरलिपी नको, शब्द हवे असतात.

आणखी एक खास पॉपचा घटक म्हणजे क्रमवारी. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'ने १९५२ च्या नोव्हेंबरात विलायतेतली पहिली विक्रीची यादी छापली, तीत १२ क्रमांक होते. तेव्हापासून आकड्यांचा उभा रकाना हा पॉपच्या पानाचा ओळखीचा भाग झाला. रागदारीच्या मासिकात अशी क्रमवारी छापून पाहा, पुढच्या अंकात फक्त वाचकांचा पत्रव्यवहारच छापावा लागेल.

टाळमृदंग

एक व्यावहारिक शंका. इतक्या विलायती मासिकांच्या पंक्तीला आपला ४८ पानी अंक बसवताना कागदाचा आणि शाईचा हिशेब कुणी केला आहे का? न्यूजप्रिंट, झेरॉक्स, गुळगुळीत कागद ही सगळी रूपे आधी खिशाने ठरवली आणि नंतर त्यांना सौंदर्य म्हटले गेले, असा माझा संशय आहे. 'संगीत' १९३५ पासून निघते आणि 'संगीत कला विहार' १९४७ पासून. ही मासिके वर्गणीवर आणि निष्ठेवर चालली. त्यांच्या आतल्या पानांत चित्रे कमी, यात तत्त्वज्ञान कमी आणि ब्लॉकचा (चित्र छापायच्या ठशाचा) खर्च जास्त असावा.

दुसरी गोष्ट मुखपृष्ठाची. कृपा करून त्यावर वीणा, मोरपीस आणि जांभळ्यातून गुलाबीत विरघळणारी पार्श्वभूमी टाकू नका. गड्ड्याच्या यात्रेत लागणाऱ्या फलकांपासून स्मरणिकांपर्यंत तेच तयार चित्र मी इतक्या वेळा पाहिले आहे, की त्या वीणेला तारा तीनच आहेत हेही पाठ झाले आहे.

जुना जुळारी

टाळमृदंग, खर्चाचे म्हणणे निम्मे खरे आहे. ब्लॉक महाग होते हे मी स्वतः पाहिले. पण स्वरलिपी जुळवण्याची मजुरी साध्या मजकुरापेक्षा कितीतरी अधिक पडत असे, तरी ही मासिके ती पाने गाळत नव्हती. काटकसर सगळीकडे होती, पण कुठे करायची नाही हेही ठरलेले होते.

गवसणी

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात स्वरलिपीची पहिली प्रुफे हाती आली आणि एक प्रकार घडला, तो इथे नोंदवणे आवश्यक आहे.

संगणकावर तार सप्तकाचा बिंदू टंकायला सोपा मार्ग म्हणून बहुतेक जण अनुस्वार वापरतात. म्हणजे तार षड्ज 'सां' होतो, तार ऋषभ 'रें' होतो. मंद्रासाठी नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि कोमलासाठी वैदिक अनुदात्ताची खालची आडवी रेघ उसनी घेतात. मी तसेच केले होते. पण आम्ही ज्या छापखान्यात काम दिले, तिथल्या संगणकावर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला गेला. बदलताना अनुस्वार शाबूत राहिले, नुक्ते मात्र सगळे गळून पडले, आणि कोमलाच्या रेघा स्वराखालून सरकून पुढच्या मोकळ्या जागेत जाऊन बसल्या. भीमपलासातला मंद्र कोमल निषाद मध्य सप्तकातला शुद्ध निषाद झाला. ऑपरेटर सज्जन होता. त्याने मला विचारले, "सर, हे टिंब आणि रेघा म्हणजे स्कॅनिंगचा कचरा ना? थोडा साफ पण केला मी." मला त्याच्यावर रागावता आले नाही.

याहून गंमत पुढे आहे. पाचपैकी एक बंदिश मी वडिलांच्या संग्रहातल्या पलुस्कर पद्धतीच्या जुन्या पुस्तकातून उतरवली होती. त्या पद्धतीत वरचा बिंदू मंद्र सप्तकाचा असतो, तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ असते. समेला १ आणि खालीला + लिहितात. म्हणजे तोच बिंदू, तीच जागा, आणि अर्थ नेमका उलटा. माझ्या प्रुफात चार बंदिशी एका पद्धतीच्या आणि पाचवी दुसरीची होती, आणि खुणांची सूची मी दिलीच नव्हती. जुळारीकाका, तुमचे मास्तर असते तर दुसऱ्याच ओळीला त्यांचा गळा अडला असता.

जुना जुळारी

चारही बंदिशींसोबत पाचवीही भातखंडे पद्धतीत उतरवा आणि पहिल्या बंदिशीच्या आधीच्या पानावर खुणांची चौकट द्या. 'शेवटी पाहा' असे लिहू नका. पेटीवर हात असलेला माणूस शेवटचे पान उलटत नाही. शिवाय स्वरलिपीची पाने चित्र म्हणूनच छापखान्यात पाठवा. स्वतःच्या संगणकावर पान पूर्ण जुळवून त्याची पीडीएफ करा आणि फॉन्ट आत बांधलेले आहेत ना ते पाहा, म्हणजे कुणाला साफसफाई करण्याची संधी मिळणार नाही. प्रूफ गाऊनच तपासा.

नक्षीगार

आणि पाचही बंदिशींना एकच जाळी ठेवा. त्रितालाला १६ खाने, एकतालाला १२. पण एका मात्रेची रुंदी दोन्हींत तेवढीच ठेवा, एकतालाची ओळ थोडी आखूड दिसली तरी चालेल. काठाशी जुळवण्यासाठी ती ताणली, तर नजरेला लय बदलल्याचा भास होतो. चादरीतही नक्षी ताणून काठाला भिडवत नाहीत, मधे साधी पट्टी सोडतात.

गवसणी

निर्णय कळवतो. स्वरलिपीची पाने मधल्या फर्म्यात एकत्र घेतली आहेत, पूर्ण रुंदीची, एका कॉलमची. मुलाखत दोन कॉलमांत आहे आणि तिच्याभोवती सहा तारा यांच्या आवडीची जाड-बारीक जोडरेघ आहे. तबलावादकांना ती दाखवली तेव्हा ते म्हणाले, "पत्रिकेसारखी वाटते, राहू दे." परीक्षणांना तिथीवार यांनी सुचवलेल्या क्रमाचा ठोकळा दिला आहे, साथीदारांसह. बॅण्डवाल्या मुलांच्या लेखाची मांडणी त्यांनाच करायला दिली. त्यांनी मथळा हाताने लिहिला, छायाचित्र समासाबाहेर कापले आणि पान क्रमांक आडवा लावला. पान क्रमांक मी सरळ केला, बाकी तसेच ठेवले. मुखपृष्ठावर वीणा नाही. वडिलांच्या अंकातले पेन्सिलीच्या खुणा असलेले एक पान मोठे करून घेतले आहे.

काल संध्याकाळी नमुना प्रत पेटीसमोर जमिनीवर ठेवून पाहिली. माझ्या बसण्यापासून कागद अडीच-तीन फूट दूर होता. मजकुरासाठी घेतलेला १२ पॉइंटचा टंक तिथून दिसला, पण कोमलाची रेघ दिसली नाही. १४ केला आणि रेघ थोडी जाड केली. मग पंखा लावला आणि पान उलटले. मधला फर्मा असल्यामुळे पिना नेमक्या तिथेच आहेत, घडी नखाने दाबल्यावर अंक सपाट राहिला. पुतणीने दुसऱ्या बंदिशीचा अंतरा प्रुफावरून गायला घेतला आणि तिसऱ्या ओळीत थांबली. तिथे एक बिंदू अजूनही घालायचा राहिला होता. पान पुन्हा पाठवले आहे.